लुगारूचं प्रकरण: कोड मोकळा, ससा मात्र मालकाचा

इंडी डेव्हलपरला (म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच्या बळावर गेम बनवणाऱ्याला) सपोर्ट करा आणि गेम ओपन सोर्स करा (म्हणजे त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला करा), या दोन्ही गोष्टी एका दमात बोलायची सवय पडलीय सगळ्यांना. प्रत्यक्षात त्या एकमेकींना मदत करतात की एकमेकींच्या आड येतात हे बघायचं असेल तर लुगारू या गेमएवढं धडधडीत प्रकरण दुसरं नाही, कारण यात सगळंच घडलंय, पैसे आले, कोड खुला झाला, मग कोणीतरी तोच गेम स्वतःचा म्हणून विकायला काढला, मग कित्येक वर्षं अर्धवट लोंबकळत राहिलं आणि शेवटी एकदाचं पूर्ण सुटलं.

आधी गेमबद्दल थोडं. लुगारू २००५ मध्ये आला, डेव्हिड रोझेन या पोराने जवळपास एकट्याने बनवलेला, टर्नर नावाचा ससा आणि हाणामारी, बस. ससा म्हणून गोंडस वगैरे काही नाही हां, लांडग्यांची हाडं मोडतो अक्षरशः. रॅगडॉल फिजिक्स (मार खाल्लेला चिंध्यांच्या बाहुलीसारखा लुळा पडतो), आणि एकाच माऊस बटणावर परिस्थिती बघून वेगवेगळे फटके बसतात, म्हणजे तुम्ही पळताय की वाकलाय की हवेत आहात त्यावर ठरतं. ग्राफिक्स तेव्हाही साधेच होते, पण लढाईची जी नस पकडलीय ती मोठमोठ्या स्टुडिओंना जमत नाही. नंतर हाय रिझोल्युशन टेक्स्चर घालून त्याचाच लुगारू एचडी झाला. कंपनीचं नाव वुल्फायर, डेव्हिडचा जुळा भाऊ जेफ्री रोझेन आणि जॉन ग्रॅहम ही मंडळीही त्यात, आणि टीम म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

पैसे आधी आले, हे लक्षात ठेवा

मे २०१० मध्ये वुल्फायरने हंबल इंडी बंडल काढलं. वर्ल्ड ऑफ गू, अक्वेरिया, गिश, लुगारू एचडी आणि पेनम्ब्रा: ओव्हरचर असे पाच गेम, नंतर सामोरोस्ट २ पण त्यात टाकला. किंमत तुमची तुम्ही ठरवायची, एक सेंट दिला तरी चालेल. डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नाही, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालणार, आणि पैसे कुणाला किती जावेत हे पण ग्राहकानेच स्लायडर ओढून ठरवायचं, डेव्हलपरला किती आणि ईएफएफ (डिजिटल हक्कांसाठी लढणारी) व चाइल्ड्स प्ले (रुग्णालयातल्या मुलांना खेळणी-गेम देणारी) या दोन संस्थांना किती.

आठवडाभराची ऑफर, थोडी वाढवली, आणि जमले १२ लाख ७० हजार डॉलरच्या आसपास, देणारे जवळजवळ १ लाख ३८ हजार लोक. सरासरी नऊ डॉलरच्या थोडी वर पडते. त्यातले साधारण ३० टक्के संस्थांना गेले, उरलेले डेव्हलपरमध्ये वाटले गेले, म्हणजे एकेका टीमच्या वाट्याला दीड लाख डॉलरच्या आसपास आले म्हणायचे. दोन-चार माणसांच्या टीमला, आणि तेही बऱ्याच जुन्या गेमवर (लुगारू तर पाच वर्षांचा झाला होता तेव्हा), ही रक्कम म्हणजे पुढच्या गेमचा श्वास. ओव्हरग्रोथ नावाचा लुगारूचा पुढचा भाग तेव्हा त्यांच्याकडे बनतच होता.

आणखी एक, लिनक्सवाल्यांनी विंडोजवाल्यांपेक्षा सरासरी दुपटीच्या जवळपास पैसे दिले. लिनक्सवाले फुकटे असतात असं जे सर्रास बोललं जायचं त्याला आकड्यांत मिळालेलं हे उत्तर. अर्थात यात दुसरी बाजू पण आहेच, ज्यांना वर्षानुवर्षं कोणी गेमच देत नाही ते मिळाल्यावर हात सैल सोडणारच, त्यामुळे यावरून लिनक्सवाले जन्मजात दानशूर असा निष्कर्ष काढायची गरज नाही.

चोरी? झाली ना. एक सेंट देऊनही मिळणारी गोष्ट लोकांनी लिंक शेअर करून फुकट उतरवली, वुल्फायरचा स्वतःचाच अंदाज होता की २५ टक्के डाउनलोड असे असावेत. त्यांनी त्यावर कुलूप घातलं नाही. कुलूप घातलं तर त्रास पैसे देणाऱ्यालाच होतो हा त्यांचा हिशोब, आणि तो बरोबरच आहे माझ्या मते.

आणि मग दहा लाखांचा टप्पा. तो गाठल्यावर चार गेमच्या डेव्हलपरांनी सोर्स खुला करायचं कबूल केलं: अक्वेरिया, गिश, लुगारू, पेनम्ब्रा. वर्ल्ड ऑफ गू आणि सामोरोस्ट २ यात नव्हते. लुगारूचा कोड लगेच मे महिन्यातच बाहेर आला, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. जीपीएल म्हणजे असं लायसन्स की कोड वापरा, बदला, वाटा, पण पुढे वाटताना सोर्स त्याच अटींवर द्या.

इथे थांबून क्रम बघा. आधी लोकांनी पैसे दिले, मग कोड खुला झाला. कोड खुला करू द्या मग लोक पैसे देतील असं नव्हतं. ओपन सोर्सच्या गप्पांमध्ये हा क्रम बिनधास्त उलटा सांगितला जातो आणि मग एखादा नवखा डेव्हलपर पहिल्याच दिवशी सगळं गिटवर टाकतो, डोनेशनचं बटण लावतो आणि वाट बघत बसतो. मिंडस्ट्रीसारखे गेम आहेत, कोड जीपीएलखाली खुला आणि तरी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकला जातो, ते चालतं पण. पण तिथे गेमच सतत वाढत असतो, अपडेट येत असतात, तयार बिल्डसाठी (थेट चालणाऱ्या आवृत्तीसाठी) आणि सोयीसाठी लोक पैसे देतात. लुगारूसारख्या एकदा संपवून बाजूला ठेवलेल्या गेमचं गणित वेगळं.

कोड उघडल्यावर आत काय दिसलं

कोड खुला करायचा म्हणजे फोल्डर झिप करून टाकायचं असं वाटत असेल तर तसं नसतं. गेममध्ये दुसऱ्यांच्या लायब्ररी (तयार कोडचे संच) असतात आणि त्या तुमच्या बापाच्या नसतात. डूम या जुन्या गेमचा सोर्स १९९७ मध्ये आला तेव्हा डॉसवाल्या आवृत्तीतली साउंड लायब्ररी दुसऱ्याची होती म्हणून ती देता येईना, मग लिनक्सवाली आवृत्ती दिली गेली. लुगारूमध्ये पण आवाजासाठी एफमॉड होतं, बंद लायब्ररी. पण लिनक्स पोर्टमुळे (गेम लिनक्सवर आणताना केलेल्या कामामुळे) हा काटा आधीच निघालेला होता: सोर्समध्ये ओपनएएल रॅपर म्हणून एक फाइल आहे, ती एफमॉडच्या फंक्शनसारखीच दिसणारी फंक्शन देते आणि आतून काम ओपनएएल या दुसऱ्या आवाजाच्या लायब्ररीकडून करून घेते. म्हणजे गेमच्या बाकी कोडला पत्ताच नाही की मागचा माणूस बदललाय. सँपल लोड कर म्हटलं की तो लोड करतो, आवाज कमी कर म्हटलं की कमी करतो, फंक्शनच्या नावाचा पहिला शब्द तेवढा वेगळा. ज्यांना आपला जुना गेम खुला करायचाय त्यांनी ही फाइल उघडून बघाच, बंद लायब्ररी उपटून काढण्यापेक्षा तिच्या जागी तिच्यासारखाच दिसणारा मोकळा डमी बसवणं किती स्वस्त पडतं ते कळेल.

बाकी कोड कसा होता म्हणाल तर, एका हुशार पोराने एकट्याने लिहिलेला कोड जसा असतो तसा. गेमटिक नावाची फाइल आहे, हजारो ओळींची, त्यात दर फ्रेमला काय काय होतं ते सगळं एकाखाली एक ओतलेलं, लढाई, कॅमेरा, मेनू, एआय, सगळा संसार एकाच खोलीत. जगाला दाखवायला लाज वाटेल असा कोड म्हणून कित्येक डेव्हलपर सोर्स खुला करायचं टाळतात. साफ करून मग देऊ म्हणतात आणि ते साफ करणं कधीच होत नाही. वुल्फायरने होता तसा दिला. नंतर कम्युनिटीतल्या लोकांनी सावकाश फोडून नीट लावला तो, पण आधी मिळाला म्हणून लावला ना.

आयत्या पिठावर रेघोट्या

आता मुख्य भानगड. २०११ च्या सुरुवातीला मॅक अ‍ॅप स्टोअर नवं नवं सुरू झालं होतं. वुल्फायरने तिथे लुगारू एचडी ठेवला ९.९९ डॉलरला. थोड्याच दिवसांत तिथेच दुसराच एक गेम दिसला, नाव लुगारू, किंमत १.९९ डॉलर, आत तोच ससा तेच लांडगे तेच नकाशे, विकणारा भलताच कोणीतरी. विचारलं तर उत्तर असं की सोर्स जीपीएलखाली आहे, जीपीएलमध्ये विकायला परवानगी आहे, त्यामुळे आम्हाला पूर्ण कायदेशीर हक्क आहे.

आणि यातली गंमत अशी की उत्तराचा अर्धा भाग खरा आहे. जीपीएल विकायला खरंच मनाई करत नाही. तुम्ही लुगारूचं इंजिन घ्या, त्यात स्वतःचे मॉडेल, स्वतःचे आवाज, स्वतःची गोष्ट टाका, दुसरं नाव द्या, सोर्स सोबत द्या आणि पाहिजे त्या किमतीला विका, कोणी अडवू शकत नाही. पण वुल्फायरने जीपीएल फक्त कोडला लावलं होतं. ससा, टेक्स्चर, अ‍ॅनिमेशन, आवाज, लेव्हल, लुगारू हे नाव, या कशावरचाही हक्क त्यांनी सोडलेला नव्हता आणि तसं लिहूनही ठेवलं होतं. म्हणजे एका गेममध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, कोड, आर्ट आणि नाव, तिन्हींचे हक्क वेगळे, आणि विकणाऱ्याने एकाची परवानगी दाखवून तिन्ही उचलल्या.

त्यात अजून एक पेच आहे. अ‍ॅप स्टोअरच्या अटी आणि जीपीएल यांचं जमत नाही असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं (जीपीएल लिहिणाऱ्या संस्थेचं) म्हणणं होतंच, आणि जानेवारी २०११ मध्येच व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरवरून याच वादात काढलं गेलं होतं. मूळ मालकाला ही अडचण येत नाही, कारण स्वतःचा कोड तो पाहिजे त्या दुसऱ्या अटींवर देऊ शकतो. पण बाहेरच्या माणसाकडे फक्त जीपीएलच आहे. म्हणजे नुसत्या कोडपुरतं बघितलं तरी त्या विकणाऱ्याचा दावा लंगडाच होता.

मग वुल्फायरने काय केलं? अ‍ॅपलकडे तक्रार केली. दिवस जात राहिले, नकली गेम तिथेच. शेवटी त्यांनी जाहीर लिहिलं, गेमिंगच्या बातम्यांमध्ये विषय गेला, आणि मग तो गेम स्टोअरवरून उतरवला गेला. यात वुल्फायरचं नाव आधीच झालेलं होतं हे विसरू नका, नऊ महिन्यांपूर्वीच्या बंडलमुळे पत्रकार त्यांना ओळखत होते. ज्याला कोणी ओळखत नाही अशा एकट्या डेव्हलपरच्या बाबतीत हेच झालं असतं तर त्याच्या तक्रारीकडे किती वेगाने लक्ष गेलं असतं ते तुम्हीच ठरवा. इंडीला सपोर्ट करा म्हणतो तेव्हा त्यात हे पण धरा की नकली कॉपी दिसली तर रिपोर्ट करायची आणि मूळ डेव्हलपरला कळवायचं, कारण त्याच्याकडे दिवसभर स्टोअर चाळत बसायला माणूस नसतो.

या प्रकारानंतर बऱ्याच लोकांनी सूर लावला, बघा, सोर्स खुला केला की असं होतं. मला हे पटत नाही. अ‍ॅप स्टोअर असो की अँड्रॉइड, ज्या गेमचा सोर्स कधीच खुला झाला नाही त्यांचे पण क्लोन निघतात, ढिगाने निघतात. नकली लुगारू बनवायला सोर्सने काम सोपं केलं हे खरं, पण त्याची विक्री झाली ती स्टोअरने मालकी न तपासता ठेवून घेतल्यामुळे. खुला सोर्स बंद करून तो प्रश्न सुटला नसता.

अर्धवट मोकळीक कुणाला नडते

चोरी हा गाजलेला भाग. न गाजलेला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोड खुला पण आर्ट नाही, यामुळे चोराला फारसा फरक पडला नाही, नडलं ते प्रामाणिक लोकांना.

लिनक्सच्या डेबियन, फेडोरासारख्या डिस्ट्रिब्युशनचे (लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्राम एकत्र देणाऱ्या संचांचे) नियम कडक असतात. मुख्य भांडारात यायचं तर सगळं मोकळं पाहिजे, कोडसकट डेटा. लुगारूचा कोड मोकळा असून आर्ट अडकलेलं, त्यामुळे गेम दारातच उभा. पॅकेज करणारे, अनुवाद करणारे, बग सोडवणारे हे सगळे सहसा अशा डिस्ट्रिब्युशनच्या वाटेनेच येतात, आणि जिथे गेम पोचतच नाही तिथे हात तरी कोण लावणार. शिवाय कोणाला मोड किंवा नवीन मोहीम बनवून पूर्ण गेम म्हणून वाटायची असेल तर ससा पण स्वतःचा काढायला हवा, आणि चांगलं अ‍ॅनिमेशन करणारा माणूस कोड लिहिणाऱ्यापेक्षा दुर्मिळ, हे ओपन सोर्स गेममधल्या कोणालाही विचारा.

हे सुटायला २०१६ चा शेवट उजाडला. वुल्फायरने लुगारूचे आर्ट असेटही क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए ३.० खाली दिले, म्हणजे वापरा, बदला, विका सुद्धा, पण नाव द्या आणि पुढे त्याच अटींवर द्या. कम्युनिटीतल्या लोकांनी मागणी लावून धरली होती, आणि लगेच ओएसएस लुगारू या नावाखाली नवीन रिलीज झाला, डिस्ट्रिब्युशनच्या मुख्य भांडारात गेला. तोपर्यंत गेम अकरा वर्षांचा. विक्रीतून जे यायचं ते येऊन गेलेलं, ओव्हरग्रोथ २०१७ मध्ये पूर्ण होऊन बाहेर पडायच्या बेतात. त्या वेळी आर्ट सोडण्यात वुल्फायरचं जाणार होतं तरी काय?

आणि म्हणून माझं म्हणणं असं आहे की हे २०१६ ऐवजी २०१३ ला झालं असतं तर जास्त फायदा झाला असता. २०१० ला आर्ट राखून ठेवलं हे बरोबरच, तेव्हा मॅक स्टोअरची विक्री अजून व्हायची होती आणि ससा हाच तर त्यांचा धंदा. पण विक्री बसल्यावर पुढची कित्येक वर्षं ते तसंच राहिलं ते बहुतेक कोणी मुद्दाम राखलं म्हणून नसणार, छोट्या टीमला मागचं आवरायला वेळ नसतो म्हणून असणार. सोर्स देतानाच एक तारीख लिहून टाकली, की अमुक वर्षी आर्ट पण या लायसन्सखाली जाईल, तर नंतर कोणाला विनवण्या कराव्या लागत नाहीत आणि डेव्हलपरलाही आठवण ठेवावी लागत नाही.

बंडलमधल्या इतरांचं बघितलं तर फ्रिक्शनल या कंपनीने आपल्या पेनम्ब्राचा कोड दिला, आर्ट ठेवलं, आणि तेच पुढे २०२० मध्ये अ‍ॅम्नेशियाच्या दोन हॉरर गेमबाबत केलं, जीपीएलची तिसरी आवृत्ती, आर्ट नाही, ज्याच्याकडे गेम आहे त्याने आपल्या डेटावर कोड चालवायचा. हॉरर गेमचं आर्ट अजून विकलं जातंय तर ते द्या असं म्हणणं पण बरं नाही. व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही या गेमचा सोर्स २०२० मध्ये दहाव्या वाढदिवसाला आला तो तर ओपन सोर्सच्या अधिकृत व्याख्येत बसणाऱ्या लायसन्सखाली पण नव्हता, तरी लोकांनी तो भरपूर वाचला आणि पोर्टही केले. ज्याला जेवढं झेपेल तेवढं द्यावं, फक्त काय दिलंय आणि काय नाही ते पहिल्या ओळीत, साध्या भाषेत लिहावं. रीडमीमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) खाली कुठेतरी लिहिलं तर जो वाचत नाही तो वाचल्याचं नाकारायला मोकळा.

ओव्हरग्रोथच्या वेळी काय बदललं

एप्रिल २०२२ मध्ये वुल्फायरने ओव्हरग्रोथचा सोर्स खुला केला आणि तिथे या सगळ्या अनुभवाचा परिणाम दिसतो असं मला तरी वाटतं. या वेळी जीपीएल नाही, अपाचे २.०, म्हणजे कोड घेऊन बंद गेममध्येही वापरू देणारं सैल लायसन्स. आर्ट आणि लेव्हल रिपॉझिटरीत (कोड ठेवलाय त्या जागी) नाहीतच, खेळायचं तर गेम विकत घ्या आणि त्यातला डेटा वापरा. वर गेमची किंमत पण कायमची एक तृतीयांशने कमी केली.

अपाचे का, यावर ओपन सोर्सवाले नाक मुरडतात, कारण उद्या कोणी कंपनी कोड घेऊन बंद करून टाकेल. टाकेल की. पण छोट्या डेव्हलपरच्या बाजूने बघा. जीपीएलखाली बाहेरच्या माणसाने पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवला की त्या पॅचचा मालक तो, आणि मूळ डेव्हलपरला तो पॅच स्वतःच्या बंद अटींच्या दुकानी आवृत्तीत टाकायचा तर प्रत्येकाची वेगळी परवानगी काढावी लागते. मग होतं काय की कम्युनिटीची आवृत्ती सुधारत जाते आणि पैसे देऊन घेतलेली आवृत्ती आहे तिथेच, म्हणजे ज्याने पैसे दिले त्यालाच जुनाट गेम. अपाचेखाली आलेला पॅच थेट स्टीमच्या बिल्डमध्ये जाऊ शकतो. पैसे देणारा, पॅच पाठवणारा आणि डेव्हलपर एकाच गेमवर राहतात. इंडी डेव्हलपर जगला पाहिजे हा मुद्दा असेल तर मला हे जीपीएलपेक्षा सोयीचं वाटतं, निदान जो गेम अजून विक्रीला आहे त्याच्या बाबतीत. लुगारूसारखा संपलेला गेम असेल तर जीपीएल आणि सोबत मोकळं आर्ट, दोन्ही एकदम, तिथे मागे काही ठेवून कुणाचंच भलं होत नाही.

आणि नकली कॉपीवाल्याच्या हातात ओव्हरग्रोथच्या रिपॉझिटरीतून काय लागतं? इंजिन. बिल्ड केलं तर सशाशिवायचं रिकामं इंजिन. विकायचं तर त्याला आर्ट चोरावं लागेल, आणि ते चोरलं तर लायसन्सचा कागद नाचवून वाद घालायची सोय उरत नाही, सरळ कॉपीराइटची तक्रार. २०११ मध्ये जो घोळ दहा लोकांना समजावून सांगावा लागला तो इथे फोल्डरच्या रचनेनेच मिटवलाय. ओव्हरग्रोथ आजही विकत मिळतो, आणि लुगारू डिस्ट्रिब्युशनच्या भांडारातून एका कमांडवर फुकट उतरतो.